पाय बांधलेली गिटार

पडदा वर जातो.

मखमलीचा नव्हे. तागाचं पोतं उसवून केलेला, खालच्या कडेत बांबूची काठी घातलेला, सकाळी गुंडाळून सुतळीनं वर बांधायचा पडदा. स्थळ लातूर, गोल बाजारपेठेतून, म्हणजे गोलाईतून, फुटणाऱ्या सोळा वाटांपैकी एक. मागे वीरण्णांचं लोखंडी सामानाचं दुकान: बादल्यांच्या उतरंडी, साखळ्यांची भेंडोळी, नांगराचे फाळ. डाव्या अंगाला गोदामाकडे चढणारा लाकडी जिना. आणि त्या जिन्याच्या पोटात, जिथं दुसऱ्या कुणी केरसुण्या आणि रिकामे डबे कोंबले असते, तिथं मांडी घालून बसलेला एक माणूस. जागेची उंची पुढे चार फूट, मागे उतरत उतरत वीतभर. इतकी वर्षं बसून माणूसही त्याच उतरणीचा झालेला, मान पुढे आणि पाठीला कमान. हा वीरण्णांचा धाकटा भाऊ गुरुपादप्पा. लोकांच्या तोंडी अप्पा पेटीवाले.

हा माणूस जन्मानं जिन्याखालचा नव्हता. सोळाव्या वर्षी तो घरून पळाला होता, एका नाटक मंडळीच्या मागे. नट व्हायला नाही, गायला नाही. तो पळाला पायपेटीपायी. पायपेटी म्हणजे उभी हार्मोनियम. भाता खाली, तो पायांनी मारायचा आणि दोन्ही हात सुरांवर मोकळे सोडायचे. बार्शी, सोलापूर, गुलबर्गा, हैदराबाद. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसून त्यानं दहा वर्षं पाय मारले. पाय थांबला की सिंहासनावरचा राजासुद्धा मुका होतो, हे त्यानं रोज पाहिलं होतं. पुढे पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत मंडळी मोडली. मालकानं निरोप घेताना पायपेटी त्याच्या हवाली केली. बैलगाडीत ती पेटी घालून गुरुपादप्पा लातूरला परतला, तेव्हा थोरला भाऊ एक शब्दही टाकून बोलला नाही. त्यानं जिन्याखालचे डबे काढले, झाडून घेतलं आणि म्हणाला, “इथं बस, गुरू. तात्पुरतं हाय. मग बघू.”

ते तात्पुरतं चौतीस वर्षं टिकलं. वीरण्णा वाईट माणूस असता तर सुटका सोपी होती. भांडून निघता आलं असतं. पण वीरण्णा रोज जेवणाआधी जिन्यावर दोनदा बोटं वाजवून विचारायचे, “गुरू, भाकरी आली का रे?” अशा माणसाशी भांडायचं कसं?

बाहत्तर साल उजाडलं आणि आटलं. विहिरींचे तळ दिसले. शहाणीसुरती माणसं खडी फोडायला गेली, रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी आली. लग्नं मोडली नाहीत, पण वाजंत्र्याविना लागली. भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्तीला यायच्या त्याही लाकूड सुकून उकललेल्या. कोरड्या हवेनं सांधे आकसलेले, खुंट्या ढिल्या, भात्यांना भेगा. त्या वर्षी गुरुपादप्पाकडे आलेल्या प्रत्येक वाद्याचं दुखणं एकच होतं, ढिलेपणा. इलाजही एकच: पाचर मार, डिंक भर, आवळ. हे ध्यानात ठेवायला हवं. पुढची चूक इथूनच उगवली.

डिसेंबरात एक दिवस एस.टी.तून उतरलेला एक उंच माणूस गोधडीत बांधलेली लांबट पेटी हमालाच्या डोक्यावर घेऊन दुकानापुढं आला. वर पाहिलं, आत पाहिलं.

“अप्पा पेटीवाले कुठं भेटतील?”

“इथंच हाय. वर नका शोधू, खाली वाका,” जिन्यातून आवाज आला.

तो माणूस व्यंकटराव. नांदेड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून, आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवणारा. मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची, ती गिटार. गोधडी सुटली तसं मात्र वेगळंच काही निघालं. चार पायांवर उभं राहणारं मेज, मेजावर दहा तारा, पोटाखाली सळ्यांचं आणि आडव्या दांड्यांचं जंजाळ, आणि जमिनीपाशी तीन पाय-पट्ट्या.

“सिकंदराबादच्या एका इंजिन ड्रायव्हरकडून घेतली,” व्यंकटराव म्हणाले. “म्हातारा मुलाकडं परदेशी निघाला होता. पण जाम झालीय. खालचे हे तीन पाय दाबलेच जात नाहीत. हैदराबादेत कुणी हात लावीना. म्हणाले, पायाचं वाद्य हाय, लातूरच्या अप्पाला दाखव.”

गुरुपादप्पानं आयुष्यात असलं वाद्य पाहिलं नव्हतं. पण ‘लातूरच्या अप्पाला’ हे शब्द कानात शिरले आणि मान किंचित ताठ झाली. पाय दाबला की काय होतं, हे व्यंकटरावांनी सांगितलं नाही. पायपेटीवाल्याला पायाबद्दल काय सांगायचं? गुरुपादप्पानं विचारलं नाही. जन्मभर पाय मारलेल्या माणसानं पाय कशासाठी असतात हे विचारायचं? दोघंही एकमेकांचा मान राखून गप्प बसले.

“महिन्यानं नेतो. तोवर तुमच्याकडं अमानत.”

“अमानत,” गुरुपादप्पा म्हणाला, आणि पेटीवर हात ठेवला.

रॉकेलमध्ये बुडवलेली चिंधी, कोंबड्याचं पीस, जुना दातांचा ब्रश. बारा दिवस तो त्या वाद्याच्या पोटाखाली उताणा पडून होता. एकेक सळी निघाली, गंज उतरला, दांडे फिरू लागले. तेराव्या दिवशी पाय दबला. त्यानं आनंदानं तार छेडली, पाय पुन्हा दाबला आणि लगेच सोडून दिला. पंचम सरकून वर धैवतावर गेला होता. दुसऱ्या पायानं गंधार उठून मध्यमाला लागला. शेजारच्या तारा जागच्या जागी, ह्याच तेवढ्या हललेल्या.

हार्मोनियमवाल्याला याहून मोठा अपशकुन नाही. पायानं वारा द्यावा. सुराला हात लावायचं पायाचं काम नव्हे. पाय मारताना सूर हलला तर पेटी फुटकी. त्यानं वाद्याचं टोक उघडून पाहिलं. प्रत्येक तार एका छोट्या धातूच्या बोटावर गुंडाळलेली, आणि ती बोटं चक्क डुलत होती. ‘इथंच ढील हाय,’ त्यानं ठरवलं. ‘सुकून बसलं बिचारं.’

मग त्यानं त्याची सगळी कारागिरी पणाला लावली. बोटांच्या फटीत पितळेच्या पातळ पाचरी बसवल्या, शेगडीवर लोखंड तापवून त्यावर कथलाचा डाख दिला, बोटं जागेवर पक्की केली. पाय अडायला नको म्हणून पायांपासून बोटांकडं जाणाऱ्या सळ्या काढून ठेवल्या आणि खाली स्प्रिंगा घातल्या. आता पाय लोण्यासारखा दबत होता आणि सूर तसूभर हलत नव्हता. एवढं सुबक काम त्यानं पुन्हा कधी केलं नाही.

पण न्यायला कुणी आलं नाही. दुष्काळात ऑर्केस्ट्रा बसला, रेल्वेनं व्यंकटरावांची बदली आंध्रात केली. एक पोस्टकार्ड आलं: “ठेवा. येईन.” त्यानंतर कार्डही नाही. गोधडीतली पेटी जिन्याखालीच राहिली, कारण घरी दोन खोल्यांत जागा नव्हती आणि गोदामात अमानत ठेवायला त्याचं मन धजावेना. वर खिळ्यांची पोती पडत. आधीच अरुंद त्या जागेतली अर्धी पेटीनं घेतली. गुरुपादप्पा मांडी मोडून गुडघे छातीशी घेऊन बसायला लागला. मध्ये एकदा गुलबर्ग्याच्या एका वाद्यवाल्यानं कामाला बोलावलं होतं. यानं कळवलं, अमानत हाय, धनी आल्याबिगर हलता येत न्हाई.

“सवत ऐकली होती,” त्याची बायको रुद्राणी म्हणायची. “दहा तारांची सवत पहिल्यांदा पाहून राहिले. तिच्यासाठी पाय आखडून बसता, माझ्यासाठी बाजारपर्यंत पाय टाकवत न्हाईत.”

अशी दहा वर्षं गेली.

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेला मारायच्या खेपा संपणार, कचेऱ्या येणार, साहेब येणार. गोलाईत जो तो भिंती मोजू लागला. वीरण्णांनीही दुकान पाडून नवं बांधायचं ठरवलं. जिन्यावर बोटं वाजली.

“गुरू, जिना पाडून राहिलो रे.”

गुरुपादप्पाच्या हातातली कानस थांबली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या मनात कसलंतरी दार किलकिलं झालं.

“मग?” त्यानं विचारलं.

“मग काय? सिमेंटचा करतो. तुझी जागा तशीच ठेवतो खाली, फिकीर करू नको. लाकडाचा भुसा तरी पडणार न्हाई डोक्यावर.” वीरण्णांचा चेहरा प्रेमानं फुलला होता. दार मिटलं.

त्याच आठवड्यात गोलाईत एक पांढऱ्या केसांचा उंच माणूस येऊन थेट खाली वाकला.

“अप्पा, आहात का?”

“जाणार कुठं?” गुरुपादप्पा म्हणाला. मग त्यानं डोळे बारीक केले. “व्यंकटराव? महिना लई मोठा केलात हो.”

दोघं हसले, आणि हसता हसता व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं होतं, दुष्काळात पेटी मोडीत गेली असणार. नोकरी सोडून ते नांदेडला परतले होते. तिथल्या वजिराबाद पेठेत वाद्यांचं दुकान काढत होते. ऑर्केस्ट्रा पुन्हा उभा केला होता. आठ दिवसांनी नव्या जिल्ह्याच्या सोहळ्यात शाळेच्या मैदानावर कार्यक्रम होता.

“हिचा आवाज निघाला ना, अप्पा, तर तुम्ही माझ्याबरोबर नांदेडला. दुरुस्तीची स्वतंत्र खोली हाय. मोठी खिडकी, छातीइतकं उंच मेज, वर पंखा. उभं राहून काम करायचं, मालकासारखं. पण भागीदारांना काम दाखवावं लागंल. ही वाजली की कुणी काही बोलणार न्हाई.”

छातीइतकं उंच मेज. गुरुपादप्पानं ते शब्द जिभेवर घोळवले. त्यानं घाईघाईनं गोधडी सोडली. पेटी दुकानापुढं उजेडात उभी केली, तारा लावल्या. व्यंकटरावांनी बोटांत तार छेडायच्या नख्या चढवल्या, कांडी तारांवर ठेवली, सूर छेडला आणि पाय दाबला.

काही झालं नाही.

पुन्हा दाबला. दुसरा दाबला, तिसरा दाबला. पाय लोण्यासारखे जात होते. सूर दगडासारखा उभा.

“अप्पा, सूर हलत न्हाई.”

“हलणारच न्हाई!” गुरुपादप्पा अभिमानानं म्हणाला. “लई ढिला होता. पक्का केला. कथलानं.”

 व्यंकटरावांनी हळूच कांडी बाजूला ठेवली आणि पायरीवर बसून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. हवाई बेटांवरची माणसं गिटार मांडीवर आडवी घेऊन कांडी सरकवायची. कांडी सगळ्या तारा एकदम सरकवते, हीच तिची अडचण. एकीनं हलावं आणि दुसरीनं थांबावं, हे हाताला जमेना. मग तिकडं अमेरिकेत यंत्रांवर काम करणाऱ्या हुन्नरी माणसांनी गिटारीला मेजासारखे पाय दिले, खाली सळ्या जोडल्या. पाय दाबला की नेमकी एकच तार ताणायची, बाकीच्या जागी. गळ्यातून मींड निघावी तशी. “पाय त्यासाठीच, अप्पा. वाऱ्यासाठी न्हवं. सूर हलवण्यासाठी.”

गुरुपादप्पानं ऐकलं. गिटारीकडं पाहिलं, मग जिन्याकडं.

“म्हणजे दहा वर्षं मी हिचे पाय बांधून बसलो,” तो म्हणाला. “आणि हिच्यापायी माझे.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“विचारायला तोंड होतं की!” एवढंच बोलून तो खाली वाकला आणि शेगडी पेटवायला लागला. “आठ दिवस म्हणालात ना? सात द्या.”

पहिला प्रश्न सळ्यांचा. दहा वर्षांपूर्वी काढून ठेवलेल्या सळ्या. रुद्राणीला विचारलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

“त्या सवतीच्या होत्या? मला वाटलं रिकाम्या हायेत.”

मग घरभर शोध. एक सळी चुलीतले निखारे ढोसून काळी झाली होती. एक कंदिलाचा आकडा झाली होती. एकीनं दहा वर्षं परकरात नाड्या ओवल्या होत्या. ती मात्र लखलखीत होती. एक दुष्काळ सरल्यावर विहिरीत पडलेला पोहरा काढायला वाकवून गळ केली होती, ती पोहऱ्यासकट तळाशी होती.

“एक कमी हाय,” गुरुपादप्पा म्हणाला.

“मग मी उतरू का विहिरीत?” रुद्राणी फणकारली, पण कंदिलाचा आकडा तिनंच सरळ करून दिला.

दुसरा प्रश्न बोटांचा. कथील वितळवायला आच द्यावी तर बोटांचा धातू जस्तासारखा ठिसूळ. आठ बोटं सुटली. दोन हातात तुटून आली, नेमकी पंचमाची आणि गंधाराची. नवी करायला जाड, मुरलेलं पितळ हवं होतं; हलणाऱ्या पायांना जुन्या पोलादाच्या स्प्रिंगा हव्या होत्या, एक लांब सळी हवी होती. वीरण्णांच्या दुकानात खिळे होते, साखळ्या होत्या, हे नव्हतं.

ते सगळं एकाच जागी होतं, हे गुरुपादप्पाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चौथ्या दिवशी दुपारी तो घरी गेला आणि कोपऱ्यातल्या पायपेटीवरच्या गोधड्या एकेक करून खाली ठेवू लागला. रुद्राणी भाकरी थापता थापता थांबली.

“अहो, ती नाटक कंपनीची हाय.”

“कंपनी कुठं हाय?”

“मोडल्यावर पुन्हा जुळायची न्हाई.”

“ठाऊक हाय. मीच दुरुस्ती करतो ना गावाची.”

त्यानं डब्यावर बसून एकदा पाय मारले. भात्याला भेगा होत्या. पेटीतून धाप लागल्यासारखा नुसता वारा आला. मग त्यानं पेटी उताणी केली. पायांची सळी काढली, स्प्रिंगा काढल्या, सुरांच्या पट्टीचं पितळ कापलं.  रुद्राणीनं चुलीतलं जळण पुढं सारून उजेड केला.

सातव्या दिवशी व्यंकटरावांनी पाय दाबला. पंचम उठला, अलगद, कुणी हात धरून पायरी चढवावी तसा, आणि धैवतावर जाऊन टेकला. शेजारच्या तारा मंद वाजत राहिल्या. रस्त्यातला भाजीवाला थांबला. वीरण्णा गल्ल्यावरून उठून आले. जिन्याखालून, तोंडाशी मांडलेल्या वाद्याच्या पोटाला कान लावून बसलेला गुरुपादप्पा एकदम ताठ झाला आणि त्याचं डोकं पायरीच्या लाकडावर धाडकन आपटलं.

“चौतीस वर्षं झाली,” वीरण्णा म्हणाले, “तरी याला जिना दिसत न्हाई.”

सोहळ्यात गिटार वाजली. लोकांना सनई हवी होती, पण त्यांनी टाळ्या दिल्या. नांदेडचे भागीदार खूश झाले. वीरण्णांना सांगायचं कसं, याचा गुरुपादप्पानं दोन रात्री विचार केला, आणि सांगितलं तेव्हा वीरण्णा बराच वेळ साखळीचे दुवे मोजत राहिले. मग म्हणाले, “जागा ठेवतो तरीपण. सिमेंटची.” एस.टी.पर्यंत नवराबायकोची ट्रंक त्यांनीच उचलली.

वजिराबादेतली खोली व्यंकटरावांनी सांगितली तशीच होती. खिडकीतून सकाळचा उजेड मेजावर पडे. मेज छातीइतकं होतं. पंखा होता. एक खुर्चीही होती. गुरुपादप्पा पहिल्या दिवशी मेजापुढं उभा राहिला, हार्मोनियमचा एक सूर, म्हणजे आवाज काढणारी पितळी पट्टी, हातात घेतला, कानस चालवली आणि सूर उतरला. दुसरा घेतला, तोही उतरला. पाठ सरळ होईना, खांदे कुठं ठेवावे कळेना, वर एवढी मोकळी जागा की हातांना धरायला काही नव्हतं. तीन दिवस तो उभा राहिला. तीन दिवसांत अकरा सूर बिघडले. रोज संध्याकाळी तो हात धुऊन खिडकीतून रस्ता पाहत बसे. कुणी टाकून बोललं नाही; व्यंकटरावांनी तर चहासुद्धा स्वतः आणून दिला. ते लक्षात येऊन त्याला अधिकच कोंडल्यासारखं झालं. असा चहा तो वीरण्णांच्या भाकरीपासून ओळखत होता.

चौथ्या दिवशी सकाळी व्यंकटराव खोलीत आले तर मेज रिकामं. खुर्ची भिंतीशी. माणूस नाही. पण कानशीचा आवाज येत होता, बारीक, एकसारखा, अचूक. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, आणि मग, लातूरच्या सवयीनं, खाली वाकून पाहिलं.

मेजाच्या पुढच्या कडेला तागाचं पोतं खिळ्यांनी ठोकलेलं होतं आणि गुंडाळून सुतळीनं वर बांधलेलं होतं. मेजाखाली गुडघे छातीशी घेऊन गुरुपादप्पा बसला होता. शेजारी नीट लागलेले चार सूर ओळीनं मांडलेले. कोपऱ्यात, पायांसकट, ती दहा तारांची गिटार.

“अहो अप्पा!” व्यंकटरावांचा आवाज चिरकला. “चौतीस वर्षांनी बाहेर काढलं तुम्हाला. एवढी मोठी खिडकी हाय, पंखा हाय. वर या की!”

गुरुपादप्पानं हातातला सूर कानाशी नेला, फुंकला, आणि समाधानानं मान हलवली. मग त्यानं व्यंकटरावांकडं पाहिलं. चिडून नव्हे, एखाद्या परक्या गावच्या पाहुण्याकडं पाहावं तसं.

“आलातच तर तेवढी सुतळी सोडा,” तो म्हणाला. “उजेड लई डोळ्यावर येऊन राहिला.”